ओळखीवरचा पैसा : गिरणगाव ते मीरा रोड

मागे आवाज पोहोचतोय ना? मग सुरू करू या.

आजचा विषय कमी मिळकतीच्या कुटुंबांचा पैसा. मिळकत कमी का, हा वेगळा आणि मोठा विषय आहे, त्यात आज शिरत नाही. जी काही मिळकत हातात येते ती ही माणसं कुठे ठेवतात, कुणाकडे ठेवतात आणि अडीअडचणीला कुणाकडून घेतात, एवढ्याबद्दलच बोलायचंय. आपण मीरा रोडला बसलोय, तर इथूनच निघू.

६ जानेवारी २०२५. टोरेस नावाच्या दागिन्यांच्या दुकानांना त्या दिवशी कुलूप लागलं. दादरला मोठं दुकान होतं, बाकीची मुंबईत आणि आसपास होती, आणि त्यातलं एक इथे मीरा रोडला. योजना अशी होती की पैसे भरायचे, त्यावर चमकणारा एक खडा मिळायचा, आणि बावन्न आठवडे दर आठवड्याला खात्यात परतावा यायचा. दुसऱ्या कुणाला आणलंत तर वर बक्षीस. काही महिने पैसे खरंच येत राहिले, आणि मग थांबले. दुकानांबाहेर जी गर्दी जमली त्यात भाजी विकणारे होते, छोटे दुकानदार होते, नोकरदार होते, निवृत्त झालेली माणसं होती. गुन्हे दाखल झाले, त्यात १९९९ चा आपल्या राज्याचा ठेवीदारांच्या संरक्षणाचा कायदाही लावला गेला. तपास आणि खटला त्यांच्या गतीनं चालू राहतील, त्यावर मी काही बोलत नाही.

मला बोलायचंय ते त्या आठवड्यात कानावर आलेल्या एका शब्दाबद्दल. ट्रेनमध्ये, नाक्यावर, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळीकडे एकच निदान होतं : लोभ. लोभ सुटला आणि बुडाले. लोभ नव्हताच असं मी म्हणत नाही. पण लोभ श्रीमंतालाही असतो, बहुधा जास्तच असतो. तरी त्यांची गर्दी त्या शटरबाहेर नव्हती. तेव्हा इतिहासाच्या माणसाला हे निदान पुरत नाही. अशा कुटुंबांनी गेली शंभर वर्षं पैसा कुठे ठेवला, ते बघितलं पाहिजे.

सुदैवानं मुंबईपुरतं आपल्याकडे एक जुनं, भक्कम दस्तऐवज आहे. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसनं १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. फिंडले शिरास नावाचे अधिकारी तिचे प्रमुख होते, आणि अहवाल १९२३ साली छापला गेला. २,४७३ कुटुंबं आणि एकटे राहणारे ६०३ पुरुष, एवढ्यांचे हिशोब घेतले. विचार करा, परळ-लालबागच्या चाळीत शिरून बाईला विचारायचं की महिन्याला ज्वारी किती, रॉकेल किती, भाडं किती! कुटुंबाची सरासरी मिळकत निघाली महिन्याला सुमारे ५२ रुपये. त्यातले निम्म्याहून जास्त निव्वळ पोटात जात. शंभरातली ९७ कुटुंबं एका खोलीत राहत. आणि त्या अहवालातली गाजलेली नोंद अशी, की मुंबईच्या तुरुंगातल्या कैद्याला जेवढं धान्य मिळतं तेवढंही या कामगाराच्या ताटात पडत नाही.

अशा घरांवर कर्ज असणारच. ४७ टक्के कुटुंबं कर्जात सापडली. व्याजाचा नेहमीचा दर होता महिन्याला रुपयामागे एक आणा. ऐकायला किरकोळ वाटतो. रुपयाचे सोळा आणे, म्हणजे महिन्याला सव्वासहा टक्के, म्हणजे वर्षाला पंचाहत्तर. पुढे १९३१ मध्ये व्हिटली आयोगाचा अहवाल आला, हिंदुस्थानातल्या कामगारांवरचा. त्यानं सांगितलं की बहुतेक औद्योगिक शहरांत दोनतृतीयांश तरी कामगार कर्जात आहेत, आणि बहुतेकांचं कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त आहे.

हे अहवाल लिहिणाऱ्या साहेबांचंही निदान बरंचसं लोकांच्या वागणुकीकडे झुकणारं होतं. लग्नात खर्च करतात, सणात करतात, अंत्यविधीला करतात. थोडक्यात, यांना पैसा कळत नाही. टोरेसच्या वेळी जे ऐकलं त्याचे आजोबा म्हणा ना. पण त्याच कागदपत्रांत दुसरी एक गोष्ट पडलेली आहे, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. ती म्हणजे पगाराची तारीख.

त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या दहा ते पंधरा तारखेच्या सुमारास व्हायचा. आता सातारा-रत्नागिरीहून आलेला पोरगा एक तारखेला कामावर लागला असं धरा. त्याच्या हातात पहिला पगार येणार पुढच्या महिन्याच्या बारा-तेराला. सहा आठवडे! हे सहा आठवडे तो जेवणार काय? म्हणजे मुंबईतलं त्याचं आयुष्य कर्जानंच सुरू होणार. त्याला दारूचं व्यसन नाही, त्यानं लग्न केलेलं नाही, तरी तो कर्जात. बरं, मालकाकडे त्याची दीड महिन्याची मजुरी पडून आहे, त्यावर व्याज शून्य, आणि वाण्याकडून तो जे उधार घेतोय त्यावर व्याज पंचाहत्तर टक्के. खरा सावकार कोण, ते तुम्हीच ठरवा. १९३६ चा वेतन प्रदान कायदा आला तेव्हा कुठे सक्ती झाली : हजाराच्या आत कामगार असतील तर सात तारखेपर्यंत, त्याहून जास्त असतील तर दहापर्यंत पगार द्यायचा. आज ‘सात तारखेच्या आत’ हे आपल्याला निसर्गनियमासारखं वाटतं. त्यामागे एवढं सगळं आहे.

कायमच्या कामगाराचं हे असं. बदली कामगाराचं त्याहून वाईट, कारण त्याला रोज गेटवर उभं राहून काम मिळतंय का ते बघायचं. आज मिळालं, उद्या खाडा. खर्च मात्र रोजचा. कमी मिळकतीच्या घराची अडचण रकमेइतकीच तारखेची असते, हे सूत्र आज लक्षात ठेवा, कारण शेवटी टोरेसपाशी आपल्याला ते परत लागणार आहे.

या तारखांमधली फट कोण भरायचं? वाणी भरायचा, उधारीच्या वहीवर. जॉबर भरायचा, ज्याच्या हातात नोकरी लावणं आणि काढणं होतं, त्यामुळे त्याचं कर्ज बुडवायची टाप नव्हती. घरातला सोन्याचा डाग असेल तर तो गहाण पडायचा. आणि यातलं काहीच जमलं नाही तर पठाण. मराठीत ‘पठाणी व्याज’ हा शब्द उगाच आलेला नाही. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दाराशी तो काठी घेऊन उभा असायचा. व्हिटली आयोगानं तर शिफारसच केली की कारखान्याच्या दाराशी ठाण मांडून कर्जवसुली करणं हा गुन्हा ठरवावा. १९२९ च्या फेब्रुवारीत मुंबईत पठाणांविरुद्ध दंगल पेटली. निमित्त मुलं पळवल्याच्या अफवेचं होतं आणि संपफोड्यांचा रागही होता, पण त्याखाली या वसुलीची धगही होती, असं इतिहासकार सांगतात.

इथवरची गोष्ट शोषणाची आहे, आणि ती तुम्ही ऐकलेली असते. कमी सांगितली जाते ती दुसरी बाजू. ही माणसं त्याच वेळी बचतही करत होती. कोकणातली गावंच्या गावं मुंबईच्या मनीऑर्डरवर जगली. टपालखात्यानं मनीऑर्डर १८८० मध्ये सुरू केली आणि बचत बँक १८८२ मध्ये. जो माणूस एका खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर आळीपाळीनं झोपतो आणि गावी पैसे पाठवतो, त्याला पैसा कळत नाही असं म्हणायला धाडस लागतं. गावकऱ्यांच्या खोल्या होत्या, त्यांचे फंड होते. कुणी वारलं, कुणाला तातडीनं गावी जायचंय, तर फंडातून मदत. आणि भिशी होती.

भिशी इथे बसलेल्या बायकांना मी समजावून सांगायची गरज नाही. (हशा) पण ऑनलाइन ऐकणाऱ्या तरुणांसाठी सांगतो. बारा जणी, दर महिन्याला पाचशे. सहा हजार जमले. चिठ्ठी टाकायची, जिचं नाव निघेल तिला सगळे सहा हजार. पुढच्या महिन्यात तिचं नाव वगळून पुन्हा चिठ्ठी. बारा महिन्यांत प्रत्येकीला एकदा मिळतात. आता यातली गंमत बघा. पहिल्या महिन्यात जिचं नाव निघालं तिच्यासाठी ते बिनव्याजी कर्ज आहे. शेवटच्या महिन्यात निघालं तिच्यासाठी ती बिनव्याजी बचत आहे. मधल्या सगळ्या जणी थोड्या कर्जदार, थोड्या ठेवीदार. बँकेत ही दोन वेगळी टेबलं असतात, इथे एकच डबा. लिलावाची भिशी असेल तर ज्याला घाई तो कमी रक्कम घेतो, सोडलेली रक्कम बाकीच्यांत वाटली जाते, म्हणजे व्याज येतं पण ते बाहेर जात नाही. हे फक्त आपल्याकडचं नाही. दक्षिण आफ्रिकेत याला स्टॉकवेल म्हणतात, पश्चिम आफ्रिकेत तोंतीन. मीरा रोडलाच एका इमारतीत भिशी म्हणतात, पलीकडच्या बिल्डिंगीत बीसी आणि तिसरीकडे किटी. स्टुअर्ट रदरफर्ड नावाच्या अभ्यासकानं गरिबांच्या पैशावर बरंच लिहिलंय. त्याचा मुद्दा असा, की गरिबाला हवी असते ती छोट्या छोट्या रकमांची एक मोठी रक्कम करणारी सोय. आधी साठवून मोठी करा, आधी घेऊन मागाहून फेडा, की भिशीसारखं मधूनच मिळवा, सोय एकच.

पण भिशी चालते कशावर? कागद नाही, तारण नाही, कोर्ट नाही. पहिल्या महिन्यात सहा हजार घेऊन एखादी गायब का होत नाही? कारण ती त्याच चाळीत राहते. नळावर रोज भेटते, तिचं माहेर माहीत आहे, नवरा कुठल्या खात्यात आहे ते माहीत आहे. भिशीचं तारण म्हणजे ओळख. आणि ओळख ही काही मनातली भावना नव्हती. ती भिंतींनी, सामाईक नळांनी आणि एका वेळेच्या भोंग्यानं तयार झालेली होती. हे वाक्य जरा सावकाश घ्या, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

ओळखीवर पैसा उभा राहतो याचं माझ्या मते सगळ्यात चांगलं उदाहरण खानावळीचं. एकटा राहणारा कामगार खानावळीत जेवायचा आणि पगार झाला की महिन्याचे पैसे द्यायचा. म्हणजे खानावळवाली बाई त्याला महिनाभर उधार देत होती. ती श्रीमंत होती का? मुळीच नाही. ती वाण्याकडून धान्य उधार आणायची, चढ्या भावानं आणि व्याजानं. म्हणजे गिरणीमालक पगार उशिरा देतो, ते ओझं कामगारावर, कामगाराकडून खानावळवालीवर, तिच्याकडून तिच्या मंगळसूत्रावर. हजारो बाया पहाटे उठून हा कारखाना चालवत होत्या आणि गिरणीच्या हिशोबात त्यांचं नाव कुठेच नव्हतं. मूळच्या गोव्याच्या, कामगार चळवळीत काम केलेल्या प्रेमाताई पुरव यांनी ही साखळी नेमकी ओळखली. १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झालेलं होतं, गरिबांना कर्ज द्यायचं धोरण कागदावर होतं, आणि या बायकांनी बँक ऑफ बडोदाकडून कर्ज मिळवलं. तारण काय? एकमेकींची हमी. अहमदाबादेत सेवा बँक १९७४ ची, बांगलादेशात मुहम्मद युनूस यांचा जोब्रा गावातला प्रयोग १९७६ चा. आपल्या लालबाग-परळच्या खानावळवाल्या बरोबर मधे आहेत. पण सूक्ष्म कर्जाचा इतिहास सांगताना आपणच त्यांना विसरतो.

ओळखीला कायद्याचं रूप देण्याचा प्रयत्न म्हणजे पतपेढी. विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी बडोद्याला १८८९ मध्ये ‘अन्योन्य’ नावाची मंडळी काढली, सहकाराचा कायदा यायच्या पंधरा वर्षं आधी. १९०४ ला कायदा आला. मग मुंबईत शामराव विठ्ठल १९०६, रेल्वे नोकरांची जॅक्सन सोसायटी १९१२, सारस्वत १९१८. जातीच्या ओळखीवर, नोकरीच्या ओळखीवर. पतपेढीतलं कर्ज घ्यायचं तर दोन जामीनदार लागतात. जामीनदार म्हणजे काय, तर ओळख, पण सहीनिशी.

स्वातंत्र्यानंतर कामगारांनी स्वतःच्या संस्था काढल्या. नायगावात १९४८ मध्ये अपना बाजार सुरू झाला, म्हणजे वाण्याच्या वहीला उत्तर. काळाचौकीच्या कामगार वस्तीत १९६४ मध्ये अभ्युदय पतपेढी निघाली, लवकरच तिची बँक झाली. आणि १९६८ मध्ये जॉर्ज फर्नांडिस यांनी बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक काढली. टॅक्सीवाल्यांची युनियन त्यांच्या हाताशी होती. दुसऱ्याची टॅक्सी चालवणाऱ्याला कर्ज मिळून ती स्वतःच्या नावावर व्हावी, हा विचार होता. १९७७ मध्ये या बँकेचं नाव बदललं, न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक झालं. या नावाकडे आपण शेवटी परत येऊ.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. त्याचं राजकारण तुम्ही पुष्कळ वाचलं असेल. आजच्या विषयापुरतं एवढंच, की पगार थांबला तेव्हा वर सांगितलेली सगळी साखळी एकदम ताणली गेली. वाण्याची वही भरली, खानावळी रिकाम्या झाल्या कारण जेवणारे गावी गेले, डाग गेले, मग भांडी गेली. आणि सगळेच एकाच वेळी अडचणीत असले की भिशी चालत नाही. ओळखीच्या पैशाची ही मर्यादा आहे. माझं घर जळालं तर शेजारी मदत करतो, पण सगळी चाळच जळाली तर ओळख कितीही घट्ट असो, डबा रिकामाच.

आता मीरा रोड.

मिरे, नवघर, घोडबंदर, काशी ही गावं, भाईंदरची मिठागरं, आणि मधून जाणारी पश्चिम रेल्वे. १९८५ मध्ये मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. जनगणनेचे आकडे बघा : १९९१ ला पावणेदोन लाख, २००१ ला ५ लाख २० हजार, २०११ ला ८ लाख ९ हजार. दहा वर्षांत तिप्पट! हे लोक जन्मले नाहीत, आले. सगळे काही गिरणी कामगार नव्हते, हेही स्पष्ट करतो. ती कुटुंबं विरारला गेली, नालासोपाऱ्याला, डोंबिवलीला, कित्येक गावी परत. पण गिरगाव-परळची खोली विकून, भावाभावांत वाटणी करून फ्लॅट घेतलेली मराठी कुटुंबं इथे आली. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतल्या अनेक वस्त्यांमधून मुस्लिम कुटुंबं नयानगरला आली, जीव मुठीत धरून. गुजराती आले, उत्तर भारतीय आले, मल्याळी आले.

ते आले कारण घर परवडत होतं, किंवा परवडतंय असं वाटत होतं. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा होता. जास्तीची जमीन सरकारजमा व्हायची, पण दुर्बल घटकांसाठी ठरावीक भावात घरं बांधली तर सूट. या सुटीचं काय झालं, त्याचा देशात गाजलेला खटला ज्या बिल्डरच्या नावानं आहे त्यानंच आपलं शांतीनगर बांधलं. शांतीस्टार बिल्डर्स विरुद्ध नारायण खिमालाल तोतामे, सर्वोच्च न्यायालय, ३१ जानेवारी १९९०. दुर्बल घटकांच्या घरांचा भाव किती वाढवता येईल, घरं खरोखर कुणाला जातात, हा वाद होता. न्यायालयानं म्हटलं की जगण्याच्या हक्कात राहण्याजोग्या निवाऱ्याचाही हक्क येतो. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हे वाक्य तोंडपाठ असतं, ते मीरा रोडच्या बिल्डरच्या खटल्यातलं आहे हे मीरा रोडलाच माहीत नसतं. महाराष्ट्रानं तो जमीन कायदा २००७ मध्ये रद्द केला.

पण घर स्वस्त मिळालं तरी महिना महाग झाला. चाळीतलं भाडं गोठलेलं होतं, १९४७ च्या भाडे कायद्यामुळे अगदी नगण्य. इथे आल्यावर बँकेचा हप्ता, सोसायटीचं मेंटेनन्स, रेल्वेचा पास, आणि पाण्याचा टँकर. ज्यांनी नव्वदच्या दशकात इथे टँकरची वाट पाहिली आहे त्यांच्या माना हलताना दिसताहेत मला. यातल्या प्रत्येक खर्चाला ठरलेली तारीख आहे, आणि ती चुकली तर दंड. दुसरीकडे मिळकतीची तारीख मात्र सुटत गेली. गिरणीतला कायम कामगार सात-दहा तारखेला पगार घ्यायचा. त्याचा मुलगा कुरियर करतो, रिक्षा चालवतो, कंत्राटावर सिक्युरिटीला असतो, दुकान टाकतो. १९३६ च्या कायद्यानं जी तारीख बांधून दिली होती ती त्याच्यासाठी उरलीच नाही.

आणि ओळख? चाळीत ती भिंतींनी बनवली होती. फ्लॅटचं दार बंद होतं. कुटुंबं वेगवेगळ्या गावांहून, वेगवेगळ्या वस्त्यांमधून आलेली. बायकांनी ओळख परत बांधायचा प्रयत्न केला, आणि कुठे, तर लोकलच्या लेडीज डब्यात. एकाच वेळेच्या गाडीला, एकाच दाराशी वर्षानुवर्षं भेटणाऱ्या बायकांच्या भिशा चालतात, डब्यातल्या विक्रेत्या बायका साड्या-कानातली उधारीवर देतात, सगळं तोंडी. मला हे मुंबईच्या आर्थिक इतिहासातलं एक आश्चर्य वाटतं. पण त्या गाडीला न जाणाऱ्यांचं काय? घरात बसून शिलाईकाम करणारीचं, नाक्यावर भाजी विकणाऱ्याचं? ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा डाळीच्या डब्यातून, साडीच्या घडीतून बायकांनी नवऱ्यापासून लपवलेले पैसे बाहेर काढावे लागले. बचत होती, पण ती ठेवायला ओळखीची जागा उरली नव्हती.

अशा वेळी माणूस पाटी बघतो. काचेचं दुकान बघतो. आणि अर्धीमुर्धी ओळख बघतो : वहिनींच्या बहिणीला तीन महिने पैसे आलेत.

टोरेसनं नेमकं काय विकलं, ते आता बघा. खडा नव्हे. दुप्पट पैसाही नव्हे, तो तर कुणीही देतो म्हणतो. त्यांनी दर आठवड्याची एक तारीख विकली. ज्याची मिळकत आज आहे, उद्या नाही, त्याला दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी पैसे येणं म्हणजे पगार. बावन्न आठवड्यांचा पगार. आणि दुसऱ्याला आणण्याची जी बक्षिसं होती त्यांनी भिशीचं सोंग घेतलं, म्हणजे माझ्या ओळखीतला माणूस मी आणायचा. फरक एवढाच की भिशीत डबा कुणाकडे आहे ते सगळ्यांना माहीत असतं, आणि इथे डबा कुठे आहे ते आणणाऱ्यालाही माहीत नव्हतं. म्हणून मला ‘लोभ’ हा शब्द अपुरा वाटतो.

आता कुणी म्हणेल, सरळ बँकेत ठेवायचे होते. बरोबर. २३ सप्टेंबर २०१९. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक, पीएमसी. रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि सुरुवातीला खातेदाराला काढता येत होते फक्त एक हजार रुपये. तपासयंत्रणांच्या म्हणण्यानुसार एका बिल्डर समूहाला दिलेली प्रचंड कर्जं लपवण्यासाठी हजारो खोटी खाती दाखवली होती. हा समूह वसई-विरार पट्ट्यातही घरं बांधणारा. म्हणजे गंमत बघा, उपनगरातल्या माणसानं घरासाठी साठवलेला पैसा घर बांधणाऱ्याकडेच गेला आणि तिथे अडकला. या ठेवीदारांना कुणी लोभी म्हणू शकलं नाही. त्यांनी सांगितल्याप्रमाणेच केलं होतं.

ठेवीवर विमा असतो, हे बऱ्याच जणांना तेव्हा कळलं. त्याचाही इतिहास आहे. १९६० मध्ये पलाई सेंट्रल आणि लक्ष्मी या दोन बँका बुडाल्या, त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा आला. मर्यादा पंधराशे रुपये. ती वाढत वाढत १९९३ मध्ये एक लाख झाली आणि तिथेच सत्तावीस वर्षं थांबली. याच सत्तावीस वर्षांत हे मीरा रोड उभं राहिलं, फ्लॅटच्या किमती कुठल्या कुठे गेल्या, निवृत्तीचे पैसे लाखांत मोजले जाऊ लागले, पण विम्याच्या लेखी ठेव अजून एक लाखाचीच. पीएमसीचा गोंधळ झाल्यावर, फेब्रुवारी २०२० मध्ये, ती पाच लाख झाली. पीएमसी जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांवरच्या ठेवी टप्प्याटप्प्यानं, दहा वर्षांपर्यंत मिळायच्या, अशी ती योजना. सत्तरीच्या माणसाला दहा वर्षं थांब म्हणायचं.

आणि आता ते नाव. टोरेसला कुलूप लागून सहा आठवडेही झाले नव्हते. १३ फेब्रुवारी २०२५ ला रिझर्व्ह बँकेनं न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आणले. जॉर्ज फर्नांडिस यांची, टॅक्सीवाल्यांची ती कामगार बँक. व्यवस्थापनातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यावर १२२ कोटींच्या अपहाराचा आरोप झाला. सकाळी लोक रांगेत उभे राहिले, सुरुवातीला एक रुपयाही काढता येत नव्हता. महिनाअखेरीस पंचवीस हजारांपर्यंत मुभा मिळाली. खाती तीच, पासबुकं तीच. पण १९६८ मध्ये त्या बँकेचे संचालक कोण हे टॅक्सी स्टँडवर माहीत होतं. २०२५ मध्ये तिजोरीत किती रोकड आहे हे ठेवीदारानं कुणाला विचारायचं होतं? भागधारक म्हणून त्याला सभेत मत आहे, कागदावर. सभासदांच्या सभांना किती जण जातात, ते तुमच्यापैकी सहकारी बँकेत खातं असलेल्यांनी मनातल्या मनात आठवून बघा.

४ ऑगस्ट २०२५ ला न्यू इंडिया बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. ठेवी सारस्वतनं घेतल्या, त्यामुळे या खातेदारांचे पैसे वाचले. टोरेसवाल्यांसाठी असा कुणी घेणारा नाही. त्यांच्यासाठी जप्त मालमत्ता, लिलाव आणि न्यायालय, एवढाच मार्ग आहे, आणि तो लांबचा आहे.

माझं इथवरच होतं. प्रश्न घेऊ या. नयानगरच्या बाजूनं आलेल्या त्या ताईंचा हात मघापासून वर आहे, त्यांच्यापासून सुरू करू. माइक जरा तिकडे द्या.